घरी राहण्याचा अभ्यास

लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच महिन्यात एक भांडण माझ्या कानावर पडलं. मुद्दाम कान देऊन ऐकलं नाही. आमचं स्वयंपाकघर आणि मामंजींची खोली यांच्यामध्ये नुसता फळ्यांचा आडोसा. पलीकडे कुणी उसासा टाकला तरी इकडे कळायचा.

मामंजी म्हणजे माझे सासरे. धर्मग्रंथ सांगायचे. लांबलांबच्या प्रार्थनाघरांतून त्यांना बोलावणी यायची. त्यांचं एक प्रवचन फार गाजलेलं. ग्रंथात एक मुलगा आहे, तो घरदार सोडून देवाच्या शोधात निघतो. त्या मुलाला पानंच्या पानं दिलीत, आणि त्याच्या आईला एकच ओळ: ‘आणि त्याची आई घरी राहिली.’ त्या एका ओळीवर मामंजी तासभर बोलत. आई दारात उभी आहे, हातात दिवा आहे, दिव्यातलं तेल संपत आलंय, डोळे रस्त्याला लागलेत. इथे ते जरा थांबत, आणि समोरच्या सगळ्या बाया डोळे पुसत.

तर त्या दिवशी आडोशापलीकडून माझ्या नणंदेचा आवाज आला.

“बाबा, हे दार कुठून आणलंत?”

“कुठलं दार?”

“ज्यात तुम्ही तिला उभी करता ते. ग्रंथात दार नाही. दिवा नाही. तेल तर नाहीच नाही. ‘घरी राहिली’, एवढंच आहे.”

“अगं, घरी राहिली म्हणजे वाट बघतच राहिली ना! आई आहे ती.”

“तुम्हांला कुणी सांगितलं?”

“केस पांढरे झाले माझे हा ग्रंथ सांगता सांगता. तू कालची पोर, चार इयत्ता शिकलीस म्हणून मला शिकवतेस?”

“मग एवढंच सांगा. तुम्ही गावोगाव ती आई सांगत फिरत होतात, तेव्हा आपली आई घरी काय करत होती?”

मी हातातली पळी तशीच धरून उभी. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलेलं, आणि फोटोही टांगलेला दाराआड.

मामंजी म्हणाले, “पाणी आण.”

वन्संनी पाणी नेऊन दिलं. मामंजींच्या लेखी भांडण तिथे मिटलं. वन्सं मात्र ते घेऊन जन्मभर बसल्या.

वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण. उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलणं असं की समोरच्याला आधी हसू यायचं आणि घरी गेल्यावर लागायचं. परगावच्या धर्मविद्येच्या संस्थेत त्या शिकत होत्या. तिथली शेवटची परीक्षा म्हणजे एक शोध करून दाखवायचा. तो मान्य झाला की तिथेच शिकवायची नोकरी आणि राहायला दोन खोल्या. त्या खोल्या त्या मला इतक्या वेळा सांगायच्या की मी तिथे न जाता झाडू मारून आले असते. खिडकीखाली टेबल. बाहेर झाडं. आणि दाराला आतून कडी.

कडीचं आधी सांगते. आमच्या घरात वन्संची खोली म्हणजे रस्ताच. मोरीकडे जायचं तर त्यांच्या खोलीतूनच. दाराला कडी होती ती बाहेरून, कारण पूर्वी तिथे अडगळ ठेवत. त्या पुस्तक वाचत बसलेल्या असल्या की कुणी बादली घेऊन जातंय, कुणी ओल्या पायांनी येतंय. “वहिनी,” त्या मला म्हणायच्या, “मला देव नंतर सापडला तरी चालेल. आधी कडी.”

संस्थेत त्यांच्या एक बाई होत्या, त्यांना शोधाची वाट दाखवणाऱ्या. त्या बाईंचं म्हणणं निराळंच. ग्रंथात जिथे शब्दच नाहीत तिथे आणखी शब्द रचून काय मिळणार? तिथे हाताला विचारावं. चित्र काढावं, माती मळावी, अंगाने करून बघावं, आणि जे पुढे येईल ते ओळीशेजारी ठेवून ओळ पुन्हा वाचावी. मात्र काय येणार हे आधी ठरवायचं नाही. ठरवलं की ती नुसती सजावट होते. वन्संनी हे मला भाजी निवडता निवडता सांगितलं. मी म्हटलं, “म्हणजे तुम्ही चित्र काढायची आणि त्याला धर्म म्हणायचं?” त्या म्हणाल्या, “नाही गं. आधी काढायचं आणि मग बघायचं, धर्म आलाय का.” मला फारसं कळलं नाही, पण शेंगा छान निवडल्या गेल्या.

वन्संनी आपला शोध असा मांडला. ती आई घरी राहिली ना, मग मी सहा महिने घरी राहून बघते. उंबरा ओलांडायचा नाही. रोज संध्याकाळी कोळसा घ्यायचा, आणि दिवसभरात ज्या वस्तूवर आपली नजर सगळ्यात जास्त गेली, ती आपल्या खोलीच्या भिंतीवर काढायची. दुसऱ्या दिवशी ती पुसून तिथेच नवी.

“पुसायची कशाला? कागदावर काढा, ठेवता येतील,” मी म्हटलं.

“तिच्याजवळ कुठे कागद होते? तिचा दिवस संध्याकाळी पुसलाच जायचा. तुझा नाही जात?”

माझं राहू द्या.

कोळसा मी आणून द्यायची, कोपऱ्यावरच्या बेकरीतून. बेकरीवाला विझलेल्या भट्टीतले चांगले लांबट तुकडे काढून ठेवायचा आणि म्हणायचा, “वहिनी, घरात सगळ्यांचे दात काळे झाले असतील एव्हाना!” शेजारीण तर एक दिवस दारातच आडवी आली.

“तुमच्या नणंदेला काही झालंय का हो? बाहेर दिसतच नाहीत.”

“अभ्यास करतायत.”

“कसला?”

“घरी राहण्याचा.”

“अगं बाई! मग मी तर कधीचीच पास!”

वन्संना हे सांगितलं तर पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, “खरंय तिचं. पण तिला कुणी निकाल सांगितला नाही.”

आता गंमत बघा. पहिले कितीतरी दिवस भिंतीवर काय यावं? दार! कधी बंद, कधी किलकिलं, कधी नुसती फट आणि त्यातून आलेला उजेड. एका संध्याकाळी मामंजी हात मागे बांधून आले, भिंतीसमोर उभे राहिले आणि गालातल्या गालात हसले.

“काय निघालं? दारच ना? मी काय वेगळं सांगत होतो?”

वन्सं कानापर्यंत लाल झाल्या. “अजून संपलं नाही, बाबा.”

“संपू दे, संपू दे. मी आहेच.”

ते होते खरे. सहा महिने भरत आले होते, आणि एक दिवस सकाळी दाढी करता करता मामंजी खाली कोसळले. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. हे कामावर गेलेले. वन्सं उठल्या आणि अनवाणी, कोळशाच्या हातांनी डॉक्टरकडे धावल्या. उंबरा ओलांडल्याचं त्यांना दवाखान्यात पोचल्यावर कळलं. नंतर संस्थेतल्या बाईंचा निरोप आला की पळाल्याने शोध मोडत नाही, आईही पळाली असती.

शोध मोडला नाही. दुसरंच झालं. सहा महिने संपले आणि वन्संना घराबाहेर पडता येईना.

मामंजींची खाट मोरीजवळ हवी म्हणून वन्संच्या खोलीत आणली. ती बसली दाराच्या मागे. त्यामुळे दार अर्धंच उघडायचं आणि आतबाहेर करायचं तर अंग चोरून. मी वन्संना म्हटलं, “तुम्ही जा संस्थेत, मामंजींचं मी बघते.” आणि बघायला गेलेही. चमचा तोंडाशी नेला तर त्यांनी दात असे आवळले की घास हनुवटीवरून गळ्यात. ह्यांनी प्रयत्न केला, तेच. वन्संनी चमचा धरला की तोंड लगेच उघडायचं, पाखराच्या पिलासारखं. हट्ट म्हणावा की भीती, देव जाणे. सकाळ, दुपार, संध्याकाळ वन्संच लागायच्या. बाहेर जाणं उरलं ते एक: संध्याकाळी बेकरीत जाऊन मामंजींसाठी मऊ पाव आणि स्वतःसाठी कोळसा.

एका दुपारी कपडे पिळता पिळता त्या म्हणाल्या, “मी स्वतःला कोंडून घेतलं होतं ना वहिनी, तेव्हा बरं होतं. किल्ली माझ्याकडे होती.”

चित्रं मात्र चालू होती. मामंजींची खाट आता भिंतीसमोरच, म्हणजे रोज तेही बघत. चमचा. ओला टॉवेल. बटण. कुशीवर वळवताना दिसते ती टाच. एकदा नुसती हनुवटी. एक दिवस मी मोरीकडे जाता जाता सहज बोलून गेले, “वन्सं, दार बरेच दिवसांत आलं नाही हो.”

त्या कोळसा हातात धरून उभ्याच राहिल्या. “खरंच गं.” मग खाली बसल्या. “वाट बघायला हात मोकळे लागतात. ती दाराकडे बघत असेल, हे बाहेर गेलेल्यांना वाटतं. त्यांना तसं वाटून घ्यायला बरं असतं. तिला वेळ कुठला?”

बोलून गेल्या आणि मग आठवलं की बाबा ऐकतायत. मामंजींच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. तसं ते आजारपणापासून येतच होतं, त्यामुळे मी त्याचा अर्थ लावायला जात नाही. एवढंच सांगते, की दुसऱ्या दिवशी वन्सं दमून तशाच आडव्या झाल्या, भिंत पुसलीही नाही, तर मामंजींनी घशातून आवाज काढकाढून घर डोक्यावर घेतलं. औषध दिलं, पाणी दिलं, कूस बदलली, गप्प होईनात. शेवटी वन्सं उठल्या, भिंत पुसली आणि कोळसा हातात घेतला, तेव्हा गप्प झाले. तेव्हापासून चित्राला सुट्टी नाही. “घरातच परीक्षक मिळालाय,” वन्सं म्हणायच्या, “गुण मात्र देत नाही.”

रोज पुसून पुसून ती भिंत करडी झाली होती. नुसती करडी नाही. एकाखाली एक इतकी चित्रं की उजेड तिरका पडला की कुठे दाराची कड दिसायची, कुठे चमच्याचा दांडा. हीच वन्संची परीक्षा. त्या तिकडे जाऊ शकत नाहीत म्हणून बाई आणि दुसरे एक परीक्षक आमच्या घरी येऊन भिंत बघणार, असं ठरलं. मान्य झालं की वन्सं मोकळ्या. संस्थेतल्या दोन खोल्यांत मामंजींचीही खाट मावेल, म्हणे. खाट घेऊन जायची तयारी होती त्यांची! फक्त आतून कडी हवी.

परीक्षकांच्या आदल्या आठवड्यात मामंजींच्या छातीत कफ भरला, त्यांना चार दिवस इस्पितळात ठेवलं. वन्सं अर्थातच तिथे. मीही डबे घेऊन दिवसभर तिकडेच.

आमचे हे रंगारी. घरं रंगवायचे, शाळा, दुकानं. मामंजींनी जन्मभर त्यांना “ग्रंथ सोडून ब्रश धरणारा” म्हटलं, पण कामाला बोट दाखवायला जागा नसायची. बहिणीवर जीव. ताईकडे मोठी माणसं येणार, आणि ताईच्या खोलीची ही कळा! घरी एकटेच होते. त्यांनी भिंत खरवडली, भेगाखड्ड्यांत लांबी भरून गुळगुळीत केली, आणि पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. दुकानातला सगळ्यात महागाचा.

आम्ही मामंजींना घेऊन आलो तेव्हा हे दारात उभे, चेहरा फुललेला. “ताई, डोळे मीट. आता उघड. आरसा केलाय की नाही?”

वन्सं बघत राहिल्या. खोलीत नव्या रंगाचा वास. मी तर तोंडावर हातच ठेवला.

“छान झालंय रे,” त्या म्हणाल्या. “कडा फार सुबक घेतल्यास.” आणि वडिलांना खाटेवर टेकवायला लागल्या.

मामंजी मात्र असे ओरडले की शेजारीण धावत आली.

ह्यांना मी स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. ते म्हणाले, “मला वाटलं, पोरांनी मळवलेली असते तशी मळलीय.” मग पत्रा घेऊन भिंत खरवडायला धावले. पांढऱ्याबरोबर गिलावाच निघायला लागला. वन्संनी त्यांचा हात धरला. “पुरे रे बाबा. मी रोज थोडं पुसत होते, तू एकदम पुसलंस. कामाचा उरक तुझा पहिल्यापासूनच जास्त.”

परीक्षक अंग चोरून आत आले. बाई लहानखुऱ्या, दमलेल्या. दुसरे जाड चष्म्याचे गृहस्थ, त्यांच्या कोटाला पाठीमागे थोडा पांढरा रंग लागला. मी सांगितलं नाही, आधीच वातावरण तंग होतं.

“शोध कुठे आहे?” चष्मेवाले म्हणाले.

“आत आहे,” वन्सं भिंतीकडे बघत म्हणाल्या.

बाई म्हणाल्या, “आठवतील तेवढी कागदावर काढून दे. मी थांबते.”

“आठवून काढली तर मी मला हवी ती काढीन, बाई. तुम्हीच शिकवलंत.”

“अगं, पण नोकरीची जागा थांबणार नाही.”

“माहीत आहे.”

“मग निष्कर्ष तरी लिहून द्या,” चष्मेवाले म्हणाले, आवाज वाईट नव्हता त्यांचा. “चित्रांवरून काय कळलं?”

“ती दारात नव्हती, एवढं कळलं. कुठे होती ते अजून कळायचंय.”

“पुरावा?”

वन्सं हसल्या. “रंगवून झालाय.”

मी चहा दिला. बाई जाताना अर्ध्या दारात वन्संचा हात धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या. त्या दोघींमुळे चष्मेवाले आतच अडकले.

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याने ‘दारातली आई’ याच विषयावर जाड पुस्तक लिहिलं होतं. हे कळलं तेव्हा वन्सं मामंजींना पाव भरवत होत्या. “ऐकलंत का बाबा? तुमचं दार शेवटी नोकरीला लागलं.” मामंजींनी तोंड उघडलंच नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच.

हे आठवडाभर बहिणीच्या नजरेला नजर देत नव्हते. मग एका रविवारी भोकं पाडायचं यंत्र मागून आणलं आणि वन्संच्या दाराला आतून कडी बसवली. पितळेची. मामंजींची खाट आत आणि सगळ्यांचा मोरीचा रस्ताही तिथूनच, त्यामुळे ती घालायची सोयच नव्हती. पण होती. वन्सं येताजाता तिच्यावरून बोट फिरवायच्या.

त्या संध्याकाळी त्यांनी पांढऱ्या भिंतीवर पुन्हा कोळसा लावला. मग वर्षं गेली. किती ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. माझी मुलं मोठी झाली, मोरीकडे जाताना आजोबांना टाटा करता करता मिशा फुटल्या. वन्संचा दिवस चमच्यापासून चमच्यापर्यंत. कधीकधी त्यांचा पारा चढायचा, भांडी आपटायच्या, खिडकीच्या गजांना धरून उभ्या राहायच्या आणि माझ्याकडे न बघता म्हणायच्या, “आता काही बोलू नकोस, वहिनी.” मी बोलायची नाही. मी तर कसलाही शोध न करता घरी राहिलेली, मी काय सांगणार?

मामंजी गेले ते झोपेतच. खाट बाहेर काढली आणि दार कित्येक वर्षांनी पुरतं उघडलं. ते इतकं उघडं बघवेना. दुसऱ्या दिवशी वन्संनी दार लावलं आणि आतून कडी घातली. सबंध दिवस. आम्ही सगळे मोरीसाठी शेजारणीकडे गेलो, कुणी दार वाजवलं नाही.

संध्याकाळी कडी निघाली. मी विचारलं, “आता जाल ना कुठे?” त्या म्हणाल्या, “कुठे जाऊ? सगळा शोध या भिंतीत, आणि भिंत काही पिशवीत मावत नाही.” हसून म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते.

पुढे बाई एकदा आल्या, काठी टेकत. संस्थेत आता असल्या शोधांना नाकं मुरडत नाहीत, म्हणाल्या. तिकडे येऊन मुलांसमोर भिंतीवर काढून दाखव. वन्संनी विचार केला आणि नाही म्हणाल्या. “तिथे मी शिकले, पण घर म्हणून एक दिवसही राहिले नाही बाई. काय काढू? मुलांनाच पाठवा.”

मग दोघी-तिघी मुली येऊ लागल्या. जमिनीवर बसायच्या, वन्सं काल काढलेलं पुसायच्या आणि आजचं काढायच्या. एकीने विचारलं, “मग आजी, ती आई होती तरी कुठे? सापडलं?”

वन्सं म्हणाल्या, “तिला शोधायला गेले आणि तिच्याच जागी अडकले. तिथून दिसतं ते काढते आहे. याहून जास्त मला सांगता येत नाही. कुणी तिच्या राहण्याला मोठेपण दिलं तर देवो, पण ती स्वतःहून राहिली की तिला राहावं लागलं, हे ग्रंथानेही सांगितलं नाही आणि भिंतीनेही नाही. तेवढं तू विचार.”

ती मुलगी ते लिहून घ्यायला लागली, तर वन्सं म्हणाल्या, “लिहू नकोस गं. उद्या पुसायचंय.”

वन्सं गेल्या त्या शेवटच्या दिवसाचं चित्र झालं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे कुणी भिंत बघायला येऊन निराश व्हायला नको. भिंत पुसलेलीच आहे. ह्यांनी तिला अजून हात लावलेला नाही आणि मी लावू देणार नाही.

त्या संध्याकाळी वन्संनी नेहमीसारखी कापडी पिशवी घेतली, चपला घातल्या आणि बेकरीत गेल्या. मामंजींना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बेकरीवाल्याचा मुलगा मऊ पावच बांधून ठेवायचा. आता तो मला लागायचा, दात सगळे गेलेत माझे. परत आल्या, अंग चोरून आत शिरल्या. खाट नव्हती, दार सताड उघडं होतं, पण सवय गेली नव्हती. कोळसा कोनाड्यात ठेवला, पिशवी खिळ्याला अडकवली, कालचं चित्र फडक्याने पुसलं. हात धुतले. मग पाव फडक्यात गुंडाळून माझ्यापुढे ठेवला.

“गरम आहे,” म्हणाल्या. “वाट बघत बसू नकोस, खाऊन घे.”